बेडशाच्या लेण्याचं माप

तुमचे दोन्ही खांदे सारखे नाहीत. रागावू नका, माझेही नाहीत. लोणावळ्याच्या बाजारात चाळीस वर्षं गळ्यात टेप अडकवून उभा राहिलो, पण सारख्या खांद्यांचा माणूस काही मला भेटला नाही. एक खांदा अर्धा-पाऊण इंच खाली असतोच. शिंपी ते पाहतो, बोलत नाही, आणि कोटाच्या आत त्या बाजूला कापसाचा एक थर जास्त घालतो. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहतं आणि स्वतःवर खूश होऊन घरी जातं. आमच्या धंद्याची सगळी अक्कल एवढीच आहे. माणसात जे उणं असेल ते कापडाने भरून काढायचं आणि त्याची वाच्यता करायची नाही.

ही अक्कल एकदा माझ्या चांगलीच अंगाशी आली. तेच सांगायला बसलो आहे. पण त्याआधी दोन गिऱ्हाइकं सांगतो, म्हणजे दुकानात बसून आम्ही काय काय सोसतो याचा अंदाज येईल.

एक पोलीस जमादार होते. माप घेताना ते पोट आत ओढून, श्वास रोखून उभे राहत आणि आठ दिवसांनी पॅन्ट घेऊन भांडायला येत. दोनदा उसवून दिल्यावर मी शहाणा झालो. माप घेता घेता त्यांना बदलीबद्दल विचारायचं. साहेबाच्या नावाने ते बोलायला लागले की पोट आपल्या जागी यायचं, आणि मी टेप वाचून घ्यायचा. दुसरे एक हेडमास्तर. निरोपसमारंभाच्या फोटोसाठी त्यांना कोट हवा होता, पण फक्त पुढून. पाठीला घरातली जुनी चादर लावा म्हणाले, फोटोत पाठ कुठे येते? फोटो उत्तम आला. मग अध्यक्षांना नमस्कार करायला ते वळले आणि सगळ्या शाळेला चादरीचे निळे पट्टे दिसले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. हेडमास्तरांना वाटलं निरोपाच्याच.

आता मूळ गोष्ट. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या तीन-चार वर्षं आधीची. पुढे देहूरोडला लष्कराचा डेपो आला आणि आम्ही सगळे शिंपी खाकीत बुडालो, पण तेव्हा धंदा निवांत होता. एक दिवस माई दुकानात आल्या. माई म्हणजे नानासाहेबांच्या पत्नी. नानासाहेब रेल्वेचे निवृत्त ओव्हरसियर. घाटातल्या बोगद्यांवर त्यांची हयात गेली होती. माणूस सरळ, पण तापट. त्यांचे कोट मीच शिवत असे आणि प्रत्येक कोट ते फूटपट्टी लावून तपासून घेत.

"मास्तर," माई म्हणाल्या, "ह्यांना बेडशाचं लेणं शिवून द्याल का?"

मला आधी काही कळलंच नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं. डोंगर पोखरण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला दुसऱ्या पोखरणाऱ्यांचं कौतुक असणारच. आम्ही सुरुंग लावून जे केलं ते ह्यांनी छिन्नीने केलं, असं नानासाहेब नेहमी म्हणत. निवृत्त झाल्यावर दर रविवारी ते बेडशाला जात आणि लेण्याच्या दर्शनी भागाचं चित्र काढत. ज्यांनी ते लेणं पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिथल्या कारागिरांनी पुढचा कातळ पुरता काढलाच नाही. त्यात एक अरुंद वाट तेवढी ठेवली आहे. त्या वाटेने आत गेलं की एकदम उंच खांब समोर येतात. त्यांवर घोडे, हत्ती, बैल आणि त्यांवर बसलेली माणसं. पण मागे सरकून पाहायला जागा नाही. पाठ कातळाला लागते. त्यामुळे सगळा दर्शनी भाग एका नजरेत कुणालाच दिसत नाही. तो कागदावर पुरा उभा करायचा, हा नानासाहेबांचा ध्यास होता.

चित्र अर्धं झालं आणि त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं.

"पाय थोडा येतोय," माई म्हणाल्या. "हात नाही. डॉक्टर म्हणतात, हात वापरला तर येईल, नाही वापरला तर गेलाच समजा. पिळायला रबरी चेंडू दिला होता, तो ह्यांनी डाव्या हाताने खिडकीतून फेकला. उजवा हात सदा पांघरुणाखाली. त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत. अर्ध्या चित्राकडे तोंड केलं की दिवसभर कुणाशी बोलत नाहीत. कागद-पेन्सिल नको झालीय त्यांना. म्हटलं, कापडावरचं लेणं तरी बघतील. तुमच्याशी भांडायला का होईना, उठून बसतील."

भांडायला बसतील, हे मला पटलं. मी हो म्हणालो.

त्यांच्या घरी गेलो तेव्हा नानासाहेबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. जीभ जड झाली होती, पण हुकूम स्पष्ट होता. "मोजून आणा. डोळ्यांनी पाहून नको. मोजून."

"मोजमाप हा तर माझाच धंदा," मी ऐटीत म्हणालो. त्यांची जमीन मोजायची लांब फीत माई देत होत्या, ती मी घेतली नाही. गळ्यातली साठ इंची टेप घेऊन निघालो. तरुण होतो, दुसरं काय.

कामशेतला उतरून चालत बेडशाला पोचलो. गावाच्या तोंडाशी एक आबा तंबाखू मळत बसले होते.

"काय मास्तर, कुनाचं माप घ्याया आलाय?"

"लेण्याचं, आबा."

आबांनी तंबाखू तोंडात टाकली, वर डोंगराकडे पाहिलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "सदरा शिवताय का बंडी?"

मी वर पोचेपर्यंत निम्मं गाव माझ्या मागे आलं होतं. त्यांच्यादेखत मी माप घ्यायला लागलो. माझ्या मापाच्या वहीत छापील रकाने होते. छाती, कंबर, बाही, गळा. दुसरी वही आणलीच नव्हती. तेव्हा खांबाखालच्या दगडी घड्याचा घेर मी कंबरेत लिहिला, वरच्या उलट्या घंटेखालचा गळ्यात लिहिला आणि सवयीप्रमाणे प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणत गेलो. लोक हसून लोळायचे बाकी राहिले. उंचीची वेळ आली तेव्हा मात्र मी अडलो. टेप पाच फुटांत संपली आणि खांब वर चाललेलाच.

"आसं मोजत्यात व्हय?" मागून आवाज आला. "बाजूला व्हा."

ही सखूमावशी. पन्नाशीची, काटक, डोक्यावर गवताचा भारा. तिने भारा टाकला, गवत बांधायची दोरी सोडली, कुणाच्या तरी घरून दोन बांबू मागवले, ते एकाला एक बांधले, टोकाला दोरी अडकवली आणि खांबाच्या माथ्याला लावून दोरी जमिनीपर्यंत सोडली. मग दोरी आडवी करून म्हणाली, "ही मोजा आता निवांत, बसून." गावाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून आठवते.

तिने मग विचारलं, हे कशासाठी. मी सांगितलं, एका आजारी साहेबांसाठी भिंतीवर टांगायचं, गोधडीसारखं जाड कापडी लेणं करायचंय. त्यावर तिचा पहिला प्रश्न धंद्यातला होता. "येवढं जाड आंथरून मशीनीखाली जाईल व्हय?"

जाणार नव्हतं. कापडाचे चार-पाच थर आणि वर तुकडे, माझ्या मशीनची सुई दुसऱ्या टाक्यालाच मोडली असती. मग तिने घरी नेऊन तिची वाकळ दाखवली. मावळात गोधडीला वाकळ म्हणतात. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक अंथरून हाताने शिवायची. तिचा टाका आंबेमोहराच्या दाण्याएवढा होता, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा. मी पंधरा वर्षं शिवत होतो आणि असा टाका मला येत नव्हता. हे मी तेव्हा तिला बोललो नाही, आज लिहून टाकतो.

ठरलं असं. कापायचं मी, शिवायचं तिने. दगडाचा रंग ही मोठी कटकट. काळा म्हणावा तर काळा नाही, करडा म्हणावा तर करडा नाही. माझ्या कात्रणांच्या पोत्यात शोधत बसलो. खांबांना एका गार्डाचा जुना कोट लावला, उन्हाने विटून अगदी कातळासारखा झालेला. आतल्या अंधाराला छत्रीचं फाटकं कापड. हत्तींना शाळेच्या एका मास्तरांची पॅन्ट. जिथे कवडसा पडतो तिथे धुऊन धुऊन पातळ झालेलं धोतर. लांबी सात फूट, उंची पाच. सखूमावशीच्या पडवीत ती वाकळ चार कोपऱ्यांना चार दगड ठेवून अंथरली की तिथे पाय ठेवायला जागा उरत नसे, आणि तिची शेळी नेमकी छत्रीच्या कापडावर येऊन बसे.

दिवाळीनंतर हात घातला, होळीच्या सुमाराला काम संपलं. फोटो काढून ठेवण्याचं मला सुचलं नाही. पुढे माई मुलाकडे नागपूरला गेल्या, सामान कुठे कुठे पांगलं. माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम आज कुठे आहे ते मला ठाऊक नाही, आणि ही रुखरुख काही जात नाही.

नानासाहेबांची खाट उजव्या बाजूने भिंतीला लागून होती. झोपूनही दिसावं म्हणून त्याच भिंतीवर, खाली, वाकळ टांगली. समोर कातळ नाही, काही नाही. सगळा दर्शनी भाग एका नजरेत. नानासाहेब बघत राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. त्यांचे ओठ हलत होते, खांब मोजत होते बहुतेक. माई माझ्याकडे पाहून हसल्या. मला वाटलं, जिंकलं.

"हा हात कुणाचा?"

उजवीकडच्या खांबावर, घोड्यावर बसलेल्या पुरुषाचा उजवा हात. मूळ दगडात तो कोपरापासून तुटला आहे. खरं सांगतो, मी तो मुद्दाम जोडला नव्हता. कापताना कात्री आपोआप पुढे गेली. फाटकं दिसलं की रफू करायचं, खांदा उतरला की भरायचा, ही चाळीस वर्षांतली नाही तरी पंधरा वर्षांतली सवय. घोड्याचं नाकाड झिजलेलं होतं, तेही मी भरून काढलं होतं, पण त्यावर त्यांची नजर अजून गेली नव्हती.

"तुटलेला बरा दिसला नसता," मी म्हणालो.

"बरा?" नानासाहेब गरजले. "दोन हजार वर्षं तो माणूस हाताशिवाय घोड्यावर बसलाय. एकदा तरी पडला का? तुम्ही कोण त्याला हात देणारे? उसवा! आत्ताच्या आत्ता उसवा!"

हे बोलताना ते कुणाचा आधार न घेता उठून बसले होते. माईंनी मला डोळ्यांनी खुणावलं, की बघा. पण मी शिव्या खात होतो, त्यामुळे मला त्याचा आनंद उशिराच झाला.

आता अडचण अशी की उसवायचं कुणी? टाका सखूमावशीचा. दुसऱ्याचा टाका त्याला विचारल्याशिवाय उसवायचा नाही, हे वडिलांनी मला कात्री धरायच्या आधी शिकवलं होतं. मी बेडशाला गेलो. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि शेळीची दोरी माझ्या हातात देऊन ती स्वतः दारात उभी राहिली.

"न्हाई उसवायची. मानूस आंथरुनाला खिळलंय आन् त्येच्या उशाला थोटा टांगायचा? कसलं काळीज म्हनायचं ह्ये? सांगा जाऊन."

मी लोणावळ्याला येऊन सांगितलं. नानासाहेब म्हणाले, "त्या बाईंना सांगा, जे आहे ते दाखवायचं असतं." मी बेडशाला गेलो. मावशी म्हणाली, "हाय त्ये दावाया डोंगरात लेनं हाय की. मग वाकळ कशाला?" मी लोणावळ्याला आलो. अशा माझ्या पाच खेपा झाल्या. दुकानात लोकांचे लग्नाचे कपडे पडून होते आणि मी दोन म्हाताऱ्यांचे निरोप वाहत होतो. पाचव्या खेपेला मावशी म्हणाली, "तुमच्या तोंडून कायबी नीट जात न्हाई. मीच येते."

दुसऱ्या दिवशी ती आली. माईंनी पाट मांडला, पाणी दिलं. ते पिऊन ती सरळ नानासाहेबांच्या खोलीत गेली आणि खाटेशी उभी राहिली.

"तुमीच व्हय त्ये सायेब?"

"हो. तुमचा टाका फार सुंदर आहे, बाई. पण तो हात खोटा आहे. काढा."

"आसंल खोटा. तुमचा खरा कुटं हाय?"

"म्हणजे?"

"काढा की भाईर. दावा. पांघरुनात काय लपिवलाय? सोताचा झाकून ठिवायचा आन् त्या दगडाच्या मानसाचा तेवढा चारचौघांत उघडा पाडायचा व्हय?"

माई दाराला टेकून उभ्या होत्या, त्यांचा चेहरा पांढरा पडला. इतक्या वर्षांत नानासाहेबांशी असं कुणी बोललं नव्हतं. मी पायताण कुठे काढलं आहे ते मनातल्या मनात पाहून ठेवलं.

नानासाहेबांनी डाव्या हाताने पांघरूण बाजूला केलं. उजवा हात तिथे पडला होता, बोटं आत वळलेली. त्यांनी तो डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला.

"हा बघा," ते म्हणाले. "झालं समाधान?"

"व्हय," मावशी म्हणाली. "हाय की चांगला. आमच्या दिराचा ह्याच्यापरीस वाईट व्हता."

आणि नानासाहेब हसले. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा. माई पटकन आत निघून गेल्या.

पण हसले म्हणून हट्ट सोडतील ते नानासाहेब कसले. हात खोटा तो खोटाच, काढा. मावशी म्हणे, राहू द्या. दोघं पुन्हा जुंपले. तेव्हा मला आयुष्यातली सगळ्यात चांगली युक्ती सुचली. बायकांच्या पोलक्यांना लावतो ते टिचबटण. दोन चकत्या, एकीवर बोंड, दुसरीला भोक, दाबलं की बसतं. हात कोपरापासून सोडवायचा, एक चकती हाताला, एक कोपराला. हवा तेव्हा लावा, नको तेव्हा काढा. मावशी म्हणाली, ही काय थट्टा हाय. नानासाहेब म्हणाले, हा मूर्खपणा आहे. दोघं सारखेच नाराज झाले, तेव्हा मला कळलं की तोडगा बरोबर बसला. मावशीने आपल्या हाताने तेवढे टाके उसवले आणि मी तिथेच बसून बटण लावलं.

त्यानंतर घरात नियमच झाला. कुणी जाणकार पाहुणे लेण्याबद्दल बोलायला आले की हात काढून टेबलावरच्या डबीत. बाजाराच्या दिवशी मावशी लोणावळ्याला आली की हात जागेवर. हे लावणं-काढणं माई करत. मी आपला पुन्हा कपडे शिवायला लागलो.

पावसाळा गेला. नवरात्राच्या आसपास माई दुकानात आल्या, घाबऱ्याघुबऱ्या. "मास्तर, हे दुपारी दार लावून घेतात. आतून सारखी खुडखुड ऐकू येते. विचारलं तर ओरडतात. उसवत तर नसतील हो? डबीसुद्धा मला हातात घेऊ देत नाहीत."

एवढं सगळं करून म्हातारा ब्लेडने टाके कापत बसला असेल, तर मावशीला मी कोणतं तोंड दाखवणार? चार दिवसांनी निरोप आला, नानासाहेबांनी बोलावलं आहे, सुई-दोरा घेऊन या. मी काय ते समजलो. वाटेत चार उत्तरं ठरवली आणि खोलीत शिरल्यावर चारही विसरलो.

वाकळ जागेवर होती. एक टाका उसवलेला नव्हता. नानासाहेब तिच्याकडे तोंड करून खाटेवर बसले होते आणि त्यांचा पारा चढलेला होता.

"मास्तर, हे कसलं बटण लावलंत?"

"का? काय झालं?"

"काय झालं? बघा."

त्यांनी डबी उघडली. डाव्या हाताने नाही. उजव्या. बोटं थरथरत होती, अंगठा नीट वळत नव्हता. तो कापडी हात त्यांनी चिमटीत धरला, जिभेचं टोक दातांत पकडलं आणि भिंतीकडे नेला. चकतीवर चकती बसेना. एकदा घसरली. दुसऱ्यांदा घसरली. कपाळावर घाम आला. मी पुढे झालो तर डोळे वटारले. तिसऱ्यांदा त्यांनी अंगठ्याने दाबलं आणि टिच् असा आवाज झाला.

माई दारात कधी येऊन उभ्या राहिल्या ते मला कळलं नाही.

"पाहिलंत?" नानासाहेब धापा टाकत म्हणाले. "सैल झालंय. आधी दुपार दुपार लागत नव्हतं, आता तिसऱ्या खेपेला लागतं. बदला. ह्याहून घट्ट लावा."

चाळीस वर्षांत गिऱ्हाइकांच्या तक्रारींनी मी कधी सुखावलो असेन तर त्या एका दिवशी. माझ्या पेटीत होतं त्यातलं घट्टातलं घट्ट बटण मी काढलं. पण सुईत दोरा जाईना. डोळ्यांत पाणी आलं की नेढं दिसत नाही, हे शिंप्याला कुणी शिकवत नाही. शेवटी माईंनी दोरा ओवून दिला.

बटण लावलं. नानासाहेबांनी ताबडतोब हात घातला. लागलं नाही. दहा वेळा प्रयत्न केला, लागलं नाही. त्यांनी मला शिव्या दिल्या, माझ्या धंद्याला दिल्या, बटण करणाऱ्या कारखान्याला दिल्या. मग हात डबीत ठेवला, डबी उशाशी ठेवली आणि मला म्हणाले, "जा आता. दुपारची माझी कामाची वेळ आहे."